सोलापूरच्या उन्हातली सुट्टी : मे महिन्याचे काय करावे?

साखरपेठकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

आमच्या लहानपणी पाडवा झाला की सकाळची शाळा सुरू व्हायची आणि एप्रिलच्या मध्यावर परीक्षा आटोपून आम्ही मोकळे होत असू. आता परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबतात, महाराष्ट्रदिनी निकाल हाती पडतो आणि जूनच्या मध्याला पुन्हा शाळा भरते. मुलांनी वर्षभर वाट पाहिलेली सुट्टी अशी जेमतेम सहा आठवड्यांची उरते, आणि हे सहा आठवडे नेमके आपल्याकडचे सर्वांत तापलेले असतात. माझा मुलगा आठवीत आणि मुलगी पाचवीत जाईल. आम्ही दोघेही नोकरी करतो. घरी माझी आई असते.

गेल्या वर्षी आम्ही मुलांना एका शिबिरात घातले होते. जाहिरातीत व्यक्तिमत्त्व विकासापासून वैदिक गणितापर्यंत सर्व काही होते. प्रत्यक्षात पत्र्याच्या छताखालील एका हॉलमध्ये दुपारी दोन ते पाच मुलांना बसवून ठेवले जाई, आणि पंखे असूनही मुले लालबुंद होऊन घरी येत. यंदा त्या वाटेला जायचे नाही, असे ठरवले आहे.

मी माझ्यापुरता एक नियम केला आहे : शाळा चालू असताना जे करता येत नाही, त्यालाच सुट्टीत जागा द्यावी. चित्रकलेचा वर्ग वर्षभर शनिवारी असतोच, मग तोच मे महिन्यात रोज कशाला? पहाटे पाचला उठून गावाबाहेर जाणे, एकाच कामाला सबंध आठवडा देणे किंवा नातेवाइकांकडे पाहुणचार संपून घरचे काम सांगितले जाईपर्यंत राहणे, हे शाळेच्या दिवसांत जमत नाही. या नियमात बसतील अशा सूचना हव्या आहेत. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन गृहीत धरूनच लिहावे. महाबळेश्वर सुचवणाऱ्यांचे आगाऊ आभार.

कडकभाकरी

दादा, तुमचा नियम पटला. माझ्या मते सोलापुरात सुट्टीचा प्रश्न म्हणजे दुपारचा प्रश्न असतो. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मुले आपसूक रमतात. मधले आठ तास मोबाइल गिळून टाकतो, कारण त्या तासांसाठी आपण काहीच योजलेले नसते.

आमच्याकडे मे महिन्यात वाळवण असते आणि मुलांना मी त्यात पहिल्या दिवसापासून घेते. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो, त्याचे पाणी रोज बदलावे लागते, आणि ते काम मुलीकडे असते. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वर आलेले पाणी अलगद ओतून दिले की तळाशी पांढराशुभ्र घट्ट थर दिसतो. मुलांना ही पायरी फार आवडते, कारण आदल्या रात्री गढूळ दिसणारे पातेले सकाळी आपोआप दोन भागांत वेगळे झालेले असते. मग आधणात मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा, वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून आधी मुलांच्या हातात द्यायचा, आणि ऊन चढण्यापूर्वी गच्चीवर सोऱ्याने कुरडया घालून मोकळे व्हायचे. दुपारी खिडकीतून कावळे-कबुतरांवर नजर ठेवण्याचे काम मुलगा इतक्या गांभीर्याने करतो की अभ्यासात त्याच्या निम्मे जरी दिसले असते तरी मी धन्य झाले असते.

मात्र एक लक्षात ठेवावे. हा सगळा घाट नळाला पाणी येण्याच्या दिवसावर अवलंबून असतो. आमच्याकडे पाणी येण्याचा वार पाहूनच गहू भिजत पडतो. तुमच्या आई घरी आहेत, तर त्यांना विचारून पाहा. त्यांना मदतनीस मिळतील आणि मुलांना दुपार मिळेल.

होटगीरोडकर

वेगळे मत मांडतो, राग नसावा. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना शिबिरांना नावे ठेवणे परवडते. आमच्या इमारतीत बहुतेक घरे चौकोनी आहेत, दोघेही सकाळी नऊला बाहेर पडतात, आणि नऊ वर्षांच्या मुलाला कुलूपबंद घरात एकटे ठेवण्यापेक्षा शिबिर निश्चितच बरे. तेथे त्याला निदान समवयस्क मुले भेटतात.

वाईट शिबिर ओळखण्यासाठी आम्ही तीन गोष्टी पाहतो. वेळ सकाळची आहे का, एका ताईंकडे किती मुले आहेत, आणि पिण्याच्या पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय कशी आहे. अभ्यासक्रमाचे रंगीत पत्रक आम्ही वाचतसुद्धा नाही. या तिन्ही कसोट्यांना उतरलेले एक पोहण्याचे शिबिर मुलाने केले आणि आता त्याला पोहता येते. एप्रिल-मे सोडून एरवी आम्हाला ते जमले नसते, म्हणजे साखरपेठकरांच्या नियमातही ते बसते.

साखरपेठकर

होटगीरोडकर, पोहणे नियमात बसतेच, आणि आजी असणे ही आमची सोय आहे हेही मान्य. माझा आक्षेप शाळेचीच नक्कल करणाऱ्या शिबिरांवर आहे. सुट्टीतही बाके, हजेरी, गृहपाठ आणि शेवटी प्रमाणपत्र असेल, तर सुट्टी कसली?

माळरानवाला

पहाटेसाठी माझी सूचना नान्नज. बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर माळढोक पक्षी अभयारण्य आहे. माळढोक पाहायला मिळेल असे मात्र मुलांना मुळीच सांगू नका. तो आता इतका दुर्मीळ झाला आहे की मुले हिरमुसून परत येतील आणि डोळ्यांसमोर असलेलेही पाहणार नाहीत. काळवीट बघायचे असे सांगून न्या. नर काळाकरडा आणि पिळाच्या शिंगांचा, माद्या बदामी रंगाच्या, आणि कळप बिथरला की एकामागून एक उंच उड्या. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचले तर साडेआठपर्यंत मन भरून पाहणे होते. त्यानंतर मृगजळाशिवाय काही दिसत नाही.

आता खास उन्हाळ्यातलीच एक गोष्ट. माळटिटवी याच दिवसांत उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीशी असा मिळून जातो की पाय पडेपर्यंत कळत नाही. दुपारी जमीन तापते तेव्हा ती पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि त्याच ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. सहसा पक्षी अंड्यांना ऊब देतात, ही मात्र त्यांना थंड ठेवते. दुर्बिणीतून दुरून पाहावे, घरट्याजवळ जाऊ नये आणि पायवाट सोडू नये. माझ्या पुतण्याने हे एकदा पाहिल्यापासून तो स्वतःहून पहाटेचा गजर लावतो.

मुलगा जरा मोठा असेल तर बुद्धपौर्णिमेला वन विभागातर्फे पाणवठ्यांवर प्राणिगणना होते, तिची चौकशी आधीपासून करून ठेवावी. लहानांना त्यात घेत नाहीत, पण मचाणावर रात्र काढून आलेल्या माणसाकडून सकाळी हकिकत ऐकणे हेही कमी नसते.

जुना_मास्तर

मी या शहरात भूगोल आणि इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. मे महिन्यात शाळा बंद असल्यामुळे जे दोन पाठ मला कधीच वर्गात घेता आले नाहीत, ते येथे लिहितो. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिला पाठ सावलीचा. आपले शहर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरायणात वर सरकत मे महिन्याच्या १०-११ तारखेच्या सुमारास दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो, आणि त्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो क्षण घड्याळाच्या बाराला मात्र येत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, सोलापूर ७६ अंशांच्या जवळ. त्यामुळे आपली मध्यान्ह बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य परतताना हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात आणि शाळाही.

एकच दिवस पाहण्यापेक्षा हे महिनाभराचे काम करावे. गच्चीवर एक मीटर उंचीची सरळ नळी ओळंबा लावून उभी करावी आणि तिच्या बुडाशी पांढरा कागद चिकटवावा. दर दोन-तीन दिवसांनी १२ वाजून २३ मिनिटांनी सावलीच्या टोकावर पेन्सिलने खूण करावी आणि शेजारी तारीख लिहावी. १ मेच्या सुमारास सावली साडेचार-पाच सेंटीमीटर असते आणि उत्तरेकडे पडते. ती रोज आखडत जाते, नाहीशी होते, आणि मग दक्षिणेकडे वाढू लागते. मेअखेर ती दक्षिणेला सात सेंटीमीटरच्या आसपास पोहोचते. दुपारची सावली दक्षिणेकडे पडते हे शहरातील किती मोठ्या माणसांनी लक्ष देऊन पाहिले असेल? गच्चीवर दोन मिनिटांपेक्षा अधिक थांबण्याची गरज नाही, पायांत चप्पल आणि डोक्यावर टोपी असावी, आणि सूर्याकडे थेट पाहू नये.

दुसरा पाठ याच तारखांना जोडून येतो. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाल्यानंतर शहर पेटले, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि ९, १० व ११ मे हे तीन दिवस इंग्रजांचा अंमल येथे नावालाही उरला नाही. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. शाळेत आपण हे जानेवारीत भाषणे ठोकून साजरे करतो, आणि प्रत्यक्ष ज्या दिवसांत हे घडले ते दिवस सुट्टीत निघून जातात. त्या तीन दिवसांपैकी एका सकाळी मुलांना घेऊन हुतात्म्यांच्या पुतळ्यांपासून जुन्या पेठांमधून पायी फिरावे, घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला त्यांच्या आई-वडिलांकडून काय ऐकले होते ते विचारावे, आणि मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे.

कडकभाकरी

सर, मी येथेच लहानाची मोठी झाले, पण सावलीची दिशा बदलते हे आज कळले. नळी उभी करणार.

बाणा_ताणा

पूर्व भागातून लिहितो. आमच्या घरी आजोबांपासून माग आहेत. आजोबांचा हातमाग होता, आमचे यंत्रमाग आहेत. सोलापुरी चादर सगळ्या महाराष्ट्राच्या घरांत आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे, पण ती विणताना पाहिलेली मुले आमच्या पेठांबाहेर फारशी सापडत नाहीत. आठवीत जाणाऱ्या मुलाला ओळखीच्या कारखान्यात एक सकाळ जरूर न्या.

तेथे त्याला मागाच्या वर बसवलेले जॅकार्ड, म्हणजे नक्षी ठरवणारे यंत्र, दाखवा. माळेसारखे एकाला एक गुंफलेले भोके पाडलेले पुठ्ठे त्यावरून फिरत असतात. प्रत्येक पुठ्ठा म्हणजे विणीची एक ओळ. जेथे भोक आहे तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा धागा उठतो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग उठलेल्या आणि न उठलेल्या धाग्यांच्या मधून धोटा बाण्याचा, म्हणजे आडवा धागा घेऊन जातो. चादरीवरचा मोर अशा पुठ्ठ्यांच्या भोकांतून ओळीओळीने उतरतो. तीच चादर उलटून पाहिली तर त्याच मोराचे रंग अदलाबदल झालेले दिसतात.

घरी आल्यावर चौकटीचा कागद घ्यावा, एखादे सोपे फूल चौकटी रंगवून काढावे आणि ओळीनुसार कोठे भोक, कोठे नाही याची यादी करावी. संगणकाच्या वर्गात जे होय-नाहीचे गणित शिकवतात ते हेच. माझ्या भाचीने अशा यादीवरून आपल्या नावाचे पहिले अक्षर काढले होते आणि आमच्या जुन्या कारागिरांनी ते तपासून त्यात एक चूक दाखवली.

दोन सूचना. मागांचा खडखडाट फार असतो, त्यामुळे कारागिरांशी बोलायचे असेल तर जेवणाच्या सुट्टीत बोलावे. आणि मुलांना मागाच्या हलत्या भागांपासून चार हात दूर उभे करावे, सैल ओढणी किंवा उपरणे तर अजिबात नको.

दहावीचा_उंबरठा

मी यंदा दहावीत गेलो आहे. आपण सर्वांनी सुट्टीविषयी जे लिहिले आहे ते वाचून बरे वाटले, पण माझ्यासारख्यांना सुट्टीच नाही. आमच्या क्लासने २ मेपासून सकाळी आठ ते साडेअकरा तुकडी सुरू केली आहे, आणि जूनपर्यंत गणिताचे अर्धे पुस्तक संपवायचे, असे सांगितले आहे. घरी विचारले तर ‘एकच वर्ष आहे’ असे उत्तर मिळते. पहाट तर क्लासच्या तयारीतच जाते. अशा मुलांनी काय करावे, याबद्दल कोणी लिहिलेले नाही.

जुना_मास्तर

बाळ, तुझा प्रश्न योग्य आहे. दहावीचा अभ्यास मे महिन्यात सुरू केल्याने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते त्यात एकही सलग रिकामा आठवडा नसल्यामुळे. आई-वडिलांकडे सगळी सुट्टी मागू नकोस, एक आठवडा माग. क्लासमध्ये त्या आठवड्यात होणारे धडे कोणते आहेत ते आधी विचारून घे, परतल्यावर ते कोणत्या दिवशी भरून काढणार हे कागदावर लिहून दे. मी पालक म्हणून अशा कागदाला नाही म्हणालो नसतो.

त्या आठवड्यातील एक सकाळ हत्तरसंग कुडलला दे. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर जुनी मंदिरे आहेत. संगमेश्वर मंदिरातील शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो. सोलापूरचेच अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. मे महिन्यात नदीचे पात्र आटलेले असते, त्यामुळे दोन प्रवाह कोठे मिळतात ते स्पष्ट दिसते. पात्रात उतरताना डोह आणि वाळूउपशाचे खड्डे यांपासून मात्र सावध राहावे.

दुधनीकर

अक्कलकोट तालुक्यातून एक छोटी भर. आमच्याकडे घराघरांत कन्नड आहे, पूर्व भागात तेलुगू आहे, आणि सोलापूर शहरातील मराठी मुलांना यांपैकी एकही लिपी वाचता येत नाही. कानावर भाषा रोज पडतेच. शेजारच्या आजींकडून सुट्टीत कन्नड मुळाक्षरे शिकून घ्यावीत आणि विजयपूरला गोलघुमट पाहायला जाताना रस्त्यावरच्या पाट्या मुलांकडून वाचून घ्याव्यात. रेल्वेने गेले तर स्थानकांच्या नावाच्या पाट्यांवर एकच नाव शेजारीशेजारी निरनिराळ्या लिप्यांत असते, त्याहून सोपे पुस्तक नाही.

होटगीरोडकर

दुपारसाठी आणखी एक : हिराचंद नेमचंद वाचनालय. मुलांचे सदस्यत्व घ्यावे, पुस्तक आपण निवडू नये. आमच्या मुलाने आठवडाभर फक्त भुताच्या गोष्टी आणल्या. आणू दिल्या.

साखरपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. आईला वाळवणाचे विचारले, तर ती म्हणाली, ‘मला वाटले होते आता हे कोणाला नकोच आहे.’ पाण्याचा वार पाहून गहू आणला आहे. सावलीची नळी मुलीकडे दिली आहे, जॅकार्डचे मुलाने मनावर घेतले आहे. ९ किंवा १० मेची पेठांमधली फेरी जुन्या मास्तरांनी सांगितली तशी करू. माझ्या नव्वदीच्या आत्या जुन्या गिरणीच्या चाळीत वाढल्या, त्यांच्याकडे बरेच सापडेल.

बाकीचे दिवस मुद्दाम मोकळे ठेवत आहे. मुलगी कंटाळा आला म्हणून दोन दिवस भिंतीला डोके लावून बसेल, याची मनाची तयारी केली आहे. लगेच काही सुचवायचे नाही, एवढेच आम्हा दोघांना पाळायचे आहे, आणि ते मुलांच्या उन्हापेक्षा अवघड जाणार असे दिसते.

माळरानवाला, नान्नजला येत्या रविवारी जायचा विचार आहे. आपणही त्या बाजूला असाल का?

दहावीचा_उंबरठा

मलाही येता येईल का? रविवारी क्लास दहाला आहे. कागद लिहून दिला. बाबा आठवड्याला हो म्हणाले नाहीत, चार दिवसांना म्हणाले.

माळरानवाला

चार दिवस पुष्कळ झाले. रविवारी या, दहाच्या आत शहरात परत सोडतो, मात्र घरून बाबांचा फोन मला आला पाहिजे. साखरपेठकर, पहाटे पावणेपाचला निघू म्हणजे उजाडताना माळावर असू. सर्वांनी बूट घालावेत, चप्पल नको, काटे फार आहेत. पांढरे किंवा भडक रंगाचे कपडे टाळावेत, मातकट रंग बरा. माणशी दोन लिटर पाणी, सोबत गूळ-शेंगदाणे. दुर्बीण माझ्याकडे एकच आहे, कोणाकडे दुसरी असेल तर आणावी, नाहीतर मुलांची भांडणे मला सोडवावी लागतील.